मालवण-तारकर्लीत रूम काढायच्यात? आधी समुद्र नको, शेजारी मोजा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतोच, की अरे तारकर्लीच्या बाजूला एक प्लॉट बघितलाय, समोर समुद्र, दहा पावलांवर पाणी, सहा रूम काढतो, कसं वाटतं. मी उलट विचारतो, आजूबाजूला काय काय आहे? तर उत्तर येतं, "काहीच नाही रे, एकदम शांत!" आणि हे अगदी अभिमानाने सांगतात.

आमच्या मावशीचंच सांगतो. तिच्या वाडीत रस्त्याला लागून तीन जुन्या रूम आहेत आणि खाली समुद्राच्या टोकाला दोन नव्या, ज्या माझ्याच आग्रहाने बांधल्या. मला वाटलेलं नव्या रूम आधी जातील आणि जुन्या उरलंसुरलं घेतील, झालं नेमकं उलटं. रस्त्याच्या रूमसमोर स्कुबाचं बुकिंग टेबल, बाजूला खानावळ, चार पावलांवर रिक्षा उभ्या असतात. खालच्या रूममधून समुद्र दिसतो खरा, पण रात्री अंधारातून माडांच्या मधून चालत जावं लागतं आणि लेकरं घेऊन आलेल्या माणसाला ते नको असतं. त्यात दुसऱ्या सीझनला शेजारी कोणीतरी रात्री बारापर्यंत स्पीकर लावायला लागलं, मग तर आनंदच. मावशी एका वाक्यात बोलली, "दर्या सगळ्यांकाच होयो, पण रात्री च्या खंय गावतली तां आधी इचारतत." (समुद्र सगळ्यांनाच हवा असतो, पण रात्री चहा कुठे मिळेल ते आधी विचारतात.) तर लोकेशन म्हणजे फक्त समुद्रापासूनचं अंतर नाही, तुमच्या आसपास कोणाकोणाचे धंदे आहेत आणि ते तुमच्याकडे गिऱ्हाईक ढकलतात की ओढून नेतात, हे लोकेशन. ते कसं तपासायचं ते क्रमाने लिहितो. उदाहरणं मालवण, तारकर्ली, देवबागची आहेत कारण तिथलं मला दिसतं, तुमचा प्लॉट गणपतीपुळ्यात किंवा काशीदला असेल तरी पद्धत हीच.

1. आधी येणारा माणूस कोण ते बघा, अंदाजाने नाही, मोजून

हे फुकटातलं काम आहे आणि कोणीच करत नाही. एका शनिवारी सकाळी मालवण जेटीजवळच्या पार्किंगला जाऊन उभे राहा आणि नंबरप्लेट लिहा. एमएच 09 म्हणजे कोल्हापूर, एमएच 10 सांगली, एमएच 12 पुणे, केए 22 बेळगाव, शिवाय जीए म्हणजे गोवा. मग मंगळवारी परत तेच करा. शनिवारी कोल्हापूर-बेळगावची गर्दी दिसेल, ही माणसं घाट उतरून येतात, एक रात्र राहतात, कधीकधी राहतही नाहीत. पुण्या-मुंबईचा माणूस एवढा लांब येतो म्हटल्यावर दोन-तीन रात्री काढतो. या दोघांना लागणारे शेजारी वेगळे आहेत. एका रात्रीवाल्याला किल्ला, स्कुबा, मासे, सगळं हाताशी पाहिजे, त्याच्याकडे वेळच नाही. तीन रात्रीवाल्याला दुसऱ्या दिवशी कंटाळा येऊ नये एवढं वैविध्य पाहिजे, मग तो धामापूरच्या तलावाला जाईल, निवतीला जाईल, एखादी दुपार नुसता झोपेल.

प्लेटसोबत गाडीचा प्रकारही लिहा. टेम्पो ट्रॅव्हलर जास्त दिसल्या तर ग्रुपचा धंदा आहे, मग तुमच्या गेटपर्यंत ट्रॅव्हलर वळते का हा प्रश्न समुद्रापेक्षा मोठा. देवबागचा रस्ता आठवा, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे ती चिंचोळी पट्टी, सीझनला समोरून दुसरी गाडी आली की दोघांचं तोंडाला तोंड. ड्रायव्हर एकदा वैतागला की पुढच्या वेळी तो ग्रुप तुमच्याकडे आणत नाही, आणि ग्रुप कुठे उतरायचा हे पुष्कळदा ड्रायव्हरच ठरवतो हे लक्षात ठेवा.

2. वही घ्या आणि पायी फिरा

गुगल मॅपवर नाही, पायी. प्लॉटपासून दहा मिनिटांत चालून जिथवर जाता येईल तिथला प्रत्येक धंदा लिहायचा, म्हणजे होमस्टे, खानावळ, स्कुबावाला, बोटवाला, किराणा, मेडिकल, एटीएम, सोलकढी-काजू-कोकमाचं दुकान, गॅरेज, सगळं. मग प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा.

ओढणारा: ज्याच्यासाठी माणूस या गावात येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी, स्कुबा, देवबागचा संगम आणि त्सुनामी आयलंडची बोट, 2025 मध्ये शिवाजी महाराजांचा नवा पुतळा उभा राहिल्यापासून मालवणचा राजकोट किल्ला. हे तुमच्यासाठी फुकटची जाहिरात करतात.

लागणारा: ज्याच्यासाठी कोणी येत नाही पण नसला तर शिव्या पडतात. मेडिकल, एटीएम, सकाळी सातला उघडणारी टपरी, पंक्चरवाला.

वाटेकरी: तुमच्याच खिशात हात घालणारा, म्हणजे तुमच्यासारख्याच रूम, तुमच्याच रेटला, त्याच गिऱ्हाईकाला विकणारा.

गंमत अशी की एकच धंदा दोन खुणांचा असू शकतो. बाजूची प्रसिद्ध खानावळ घ्या. तिच्यामुळे लोक तुमच्या गल्लीत येतात, म्हणून ती ओढणारी, पण तुमच्या स्वयंपाकघरातलं सुरमई थाळीचं उत्पन्न ती खाते, म्हणून वाटेकरीही. अशा ठिकाणी मी तरी म्हणेन जेवण बंदच करा, नाश्ता चांगला द्या, आंबोळी आणि उसळ, चहा पोटभर, आणि खानावळवाल्याशी बोलून ठेवा की आमचा पाव्हणा आला तर थांबवू नका. बाई ठेवा, मासे आणा, गॅस भरा, एवढं करून रोज चार थाळ्या जात असतील तर तो धंदा नाही, हौस आहे.

आता स्कुबाच्या शेजाराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथं पैसे आहेत आणि लोकांना दिसत नाहीत. पाण्यातला कार्यक्रम शक्यतो सकाळी असतो. माणूस सात-आठला जातो आणि अकरा-बाराला परत येतो, ओला, अंगाला वाळू, पोटात कावळे, हातात ओल्या कपड्यांची पिशवी. आणि तुमचा चेकआऊट दहाचा! म्हणजे एकतर तो सकाळीच सामान गाडीत टाकून जातो आणि मग ओल्या अंगाने सहा तास ड्रायव्हिंग करतो, नाहीतर तुमच्याशी भांडतो. मावशीकडे आम्ही अंगणात नळ, दोन आडोशाच्या बाथरूम आणि कपडे वाळत घालायला लांब दोरी केली. खर्च किरकोळ. मागच्या दाराने यायचं, पाय धुवायचे, अंघोळ करायची, जेवायचं आणि निघायचं, रूम तोपर्यंत पुढच्याला तयार. रिव्ह्यूमध्ये लोक समुद्राबद्दल कमी आणि त्या नळाबद्दल जास्त लिहायला लागले. समोरच्या स्कुबावाल्यालाही ते कळलं, आता तोच सांगतो की तिथं राहा, नंतर अंघोळीची सोय आहे. हा फायदा स्कुबाच्या टेबलापासून दोन मिनिटांवर असलात तरच मिळतो, तीन किलोमीटरवर असाल तर नळाला कोण विचारतो.

3. अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका

नकाशा बघून फसलेली माणसं मी पाहिलीत. देवबागच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडे भोगवे अगदी हाताला लागेल असं दिसतं. बोट असेल तर आहेच जवळ. रस्त्याने जायचं तर मालवणला मागे येऊन, नेरूरपारच्या पुलावरून कर्ली ओलांडून, पाटपरुळ्याकडून खाली, तासाच्या वर वेळ मोडतो. म्हणून प्रत्येक ओढणाऱ्या धंद्यापर्यंतचं अंतर मिनिटांत लिहा आणि तीनदा लिहा: साध्या दिवशी दुपारी, मे महिन्यातल्या शनिवारी आणि रात्री नऊ वाजता पायी. तिसरं फार महत्त्वाचं. जेवून परत येताना कुत्री अंगावर येतात का, दिवे आहेत का, बायका-मुलं निर्धास्त चालतील का.

येण्याचा रस्ताही बदलत असतो. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली तेव्हापासून कुडाळ-कणकवलीला उतरून येणारं गिऱ्हाईक आहे, चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये उघडला, गोव्यातलं मोपा जानेवारी 2023 पासून चालू. तिकडे अलिबागला बघा, 2020 मध्ये मांडव्याची रो-रो सुरू झाली आणि मुंबईकर गाडीसकट बोटीतून उतरायला लागले, म्हणजे मांडव्याकडच्या बाजूला जी जागा आधी लांब वाटायची ती दारात आली. मात्र होणाऱ्या रस्त्याच्या, होणाऱ्या पुलाच्या भरवशावर जादा भाव देऊ नका, झाला की बघू.

4. घड्याळ आणि कॅलेंडर

शेजारचे धंदे बारा महिने चालू नसतात. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याच्या बोटी आणि वॉटर स्पोर्ट बंद. मासेमारीवर 1 जून ते 31 जुलै बंदी, म्हणजे ताजी सुरमई विसरा. गणपतीत गावातली माणसं आपापल्या घरी, कामाला कोणी मिळत नाही आणि खानावळीही बंद. म्हणजे जे शेजारी बघून तुम्ही जागा घेतलीत ते वर्षातले तीन महिने नसतातच! म्हणून वहीतल्या प्रत्येक धंद्यापुढे कोणते महिने चालू हे लिहा. सगळ्यांचे बंद महिने तेच निघाले तर हप्ता नऊ महिन्यांच्या उत्पन्नावर बसवा, बारा नाही.

पावसातही ओढणारं काही जवळ असेल तर ते सोन्यासारखं. आंबोलीला पावसाळा हाच सीझन आहे, तिथल्या हॉटेलवाल्याचं रडगाणं वेगळं. मालवणात पावसात येणारे लोक असतात, थोडे असतात, त्यांना खवळलेला समुद्र खिडकीतून बघायचा असतो आणि गरम भजी पाहिजे असतात. तेव्हा मात्र मावशीच्या खालच्या रूम आधी जातात, हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

5. गर्दीत जायचं की लांब?

1929 मध्ये हॅरोल्ड हॉटेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने (नाव खरंच हॉटेलिंग, धंद्याशी संबंध नाही) एक गणित मांडलं होतं, की सरळ रस्त्यावर तोच माल विकणारी दोन दुकानं असतील तर दोघंही सरकत सरकत मधोमध येऊन एकमेकांना चिकटतात. तारकर्लीच्या रस्त्यावर लागोपाठ होमस्टेच्या पाट्या बघितल्या की मला हे आठवतं. पण चिकटण्यात नुसतं नुकसान नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या हॉटेलांवर 2001 मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की शेजारी मोठी, साखळीवाली हॉटेलं असली की छोट्या स्वतंत्र हॉटेलांना फायदा होतो, म्हणजे मोठा जाहिरात करून गिऱ्हाईक गावात आणतो आणि छोट्याला त्यातलं मिळतं. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट म्हणजे तसंच, कित्येक लोकांनी तारकर्ली हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेच त्यांच्यामुळे, आणि ते फुल्ल झालं की माणूस बाजूलाच विचारत येतो.

मग ठरवायचं कसं? मी एवढं बघतो की शेजारी माझ्यासारखा आहे की माझ्यापेक्षा वेगळा. बाजूला चार हजारांचं रिसॉर्ट आणि तुमची दीड हजारांची स्वच्छ रूम, चालेल, उलट छान. पण दीड हजारवाले अकरा जण एका ओळीत आणि तुम्ही बारावे, सगळ्यांच्या पाटीवर एसी, नॉन एसी, घरगुती जेवण, तर ऑफ सीझनला एकाने हजार केले की सगळ्यांना करावे लागतात. त्या गर्दीत जायचंच असेल तर काहीतरी एक वेगळं पाहिजे, मोठ्या कुटुंबाला एकत्र राहता येईल असा हॉल, म्हाताऱ्यांसाठी पायऱ्या नसलेली रूम, कुत्र्याला परवानगी, काहीही, पण वेगळं.

6. आता आकडे

इथं लोक झोपतात, पण जागे राहा. दोन शब्द लक्षात ठेवायचे. ऑक्युपन्सी म्हणजे शंभरातल्या किती रूम-रात्री विकल्या. रेवपार म्हणजे एकूण रूमचं उत्पन्न भागिले विकायला असलेल्या सगळ्या रूम-रात्री, रिकाम्या धरून. फक्त रेट सांगून जो फुशारकी मारतो त्याला रेवपार विचारा.

समजा सहा रूम, महिना तीस दिवसांचा, म्हणजे 180 रूम-रात्री. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समुद्राला लागून, आजूबाजूला काही नाही अशी जागा: 35 टक्के भरते, रेट 3,000. म्हणजे 63 रात्री, 1,89,000 रुपये, रेवपार 1,050. मालवण गावात जेटीजवळची जागा: 55 टक्के, रेट 2,000. म्हणजे 99 रात्री, 1,98,000, रेवपार 1,100. गाव जिंकलं? थांबा. समुद्रावर जवळ खानावळ नाही म्हणून पाव्हणा तुमच्याकडेच जेवतो, रूममागे 800 धरले तर 50,400 चं बिल, त्यातले सुटतात साधारण 30 टक्के, 15,120. गावात तो बाहेर जेवतो, तुमच्याकडे नुसता नाश्ता, 200 प्रमाणे 19,800, सुटले 5,940. झाले 2,04,120 आणि 2,03,940. म्हणजे एकशे ऐंशी रुपयांचा फरक! आता प्रत्येक रूम-रात्रीला चादरी धुणं, साफसफाई, वीज, साबण मिळून 300 धरा. समुद्राकडे 18,900 जातात, गावात 29,700. उरले 1,85,220 आणि 1,74,240. समुद्र साधारण अकरा हजारांनी पुढे. पण समुद्राच्या जागेचा हप्ता महिन्याला वीस हजारांनी जास्त असेल, जो असतोच, तर खेळ परत गावाकडे फिरला.

सांगायचं काय, की लोकेशनचा परिणाम नुसत्या रूमच्या रेटमध्ये बघितला तर चुकीचं उत्तर येतं. जेवण, धुणं आणि हप्ता तिन्ही घाला. अजून एक घाला, कमिशन. ऑनलाइन साइटवाले 15 ते 25 टक्के घेतात. गावात, रस्त्यावर, पाटी दिसेल अशा जागी असाल तर थेट येणारा माणूस जास्त, कमिशन वाचतं. आडवाटेला असाल तर जवळपास प्रत्येक बुकिंग साइटवरून किंवा एजंटकडून.

शेजाऱ्यांची ऑक्युपन्सी कोणी सांगत नाही, सांगितली तरी खोटी. त्यासाठी साधी युक्ती: बुकिंग साइटवर आसपासच्या दहा जागा निवडा, आणि दर बुधवारी येत्या शनिवारच्या रात्रीचा रेट आणि रूम शिल्लक आहे की नाही एवढंच लिहा. दोन महिने करा. कोण कधी फुल्ल होतो आणि कोण शुक्रवारी रेट पाडतो हे कळलं की झालं. शिवाय रात्री नऊला एक चक्कर मारून अंगणातल्या गाड्या मोजा, ते सगळ्यात खरं.

7. कागद

थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. किनाऱ्यावर सीआरझेड आहे, म्हणजे समुद्राजवळच्या बांधकामावर बंधनं घालणारा केंद्राचा नियम. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र, लोकसंख्येची घनता 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2,161 च्या वर असेल तिथं 50 मीटर. स्थानिकांना स्वतःच्या जुन्या घरात, जोतं न वाढवता होमस्टे चालवायची वाट ठेवलेली आहे, पण बाहेरून येऊन नवी बिल्डिंग ठोकणं ही वेगळी गोष्ट. "सगळ्यांनीच बांधलंय" हे ऐकून पैसे देऊ नका, सातबारा आणि सीआरझेडचा नकाशा दोन्ही समोर ठेवून चांगल्या वकिलाला दाखवा. देवबागसारख्या ठिकाणी समुद्र जमीन खातो हेही डोळ्यांनी दिसतं, जुन्या माणसांना विचारा की पाणी पूर्वी कुठवर होतं. आणि विहिरीचं पाणी मे महिन्यात पिऊन बघा, जानेवारीत नाही.

8. जागा आधीच घेऊन बसला असाल तर

जागा हलत नाही, शेजार थोडा हलवता येतो. लांब असाल तर सकाळी एक फेरी ठेवा, पाव्हण्यांना जेटीला सोडणारी, रिक्षावाल्याशी महिन्याचं ठरवून. स्कुबावाल्याला, बोटवाल्याला फोनवर बांधून घ्या, तुम्ही माणसं पाठवा, त्याने पाठवावीत, पण कमिशनचा हिशोब दर आठवड्याला मिटवा, महिनाभर ठेवला की मैत्री जाते. मासे स्वतः बघायची हौस असते लोकांना, मालवणला संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव चालतो तिथं घेऊन जा, सकाळी कुठं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर उठवून दाखवा, याला एक रुपया लागत नाही आणि लांबची जागा मग लांब वाटत नाही. मावशीच्या खालच्या दोन रूमचं आम्ही असंच केलं, वाटेत दिवे लावले, रेट वाढवला, "फक्त दोन रात्री किंवा जास्त" असं लिहिलं. आता तिथं एका रात्रीची घाईवाली माणसं येतच नाहीत, पुण्याची दोन-तीन जोडपी दरवर्षी ठरलेली.

9. विकत घेण्याआधी वर्षभर भाड्याने

शक्य असेल तर त्याच गल्लीतली कोणाची तरी चालू होमस्टे अकरा महिन्यांच्या करारावर घ्या. करार ऑक्टोबरमध्ये सुरू करू नका, मालक तेच म्हणेल कारण पुढे दिवाळी आणि नाताळ आहे आणि तुम्हाला सगळं गुलाबी दिसेल. जूनमध्ये सुरू करा. भाडंही तेव्हा कमी सांगतात. पहिले तीन महिने रिकाम्या रूम बघत बसाल, छप्पर कुठं गळतं ते कळेल, लाइट किती वेळ जाते ते कळेल, मोबाइलला रेंज कुठल्या कोपऱ्यात येते ते कळेल, आणि समोरचा स्कुबावाला, जो सीझनमध्ये तुमच्याशी दोन मिनिटं बोलणार नाही, तो तेव्हा रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसेल, त्याला सगळ्या गल्लीची माहिती असते.